आतल्या बाजूचा अडसर

१२ जानेवारी

माननीय नियोजित बिशप महाशय,

मायना वाचून हसू नकोस. कालपर्यंत तुला काय म्हणायचं हा प्रश्नच नव्हता, कारण नऊ वर्षांत मी तुला काहीच म्हटलेलं नाही. आज मात्र कॅथेड्रलचा डीन या नात्याने तुला कळवणं मला भाग आहे, की आमच्या परिषदेने सकाळी तुझी बिशप म्हणून रीतसर निवड केली. अभिनंदन. इथपर्यंतचं फायलीला लाव. पुढचं थोरल्या भावाचं आहे, ते लावू नकोस.

आपल्या अँग्लिकन चर्चमध्ये ही निवडणूक कशी होते ते तू कधी पाहिलेलं नसेल, कारण तू नेहमी निवडून येणाऱ्यांच्या बाजूला असतोस. वरून एक नाव येतं. त्या एका नावातून आम्ही एक नाव निवडायचं. त्यासाठी दारं लावून घ्यायची, पवित्र आत्म्याने योग्य मार्ग दाखवावा म्हणून गुडघे टेकायचे, आणि मग चिठ्ठ्यांच्या घड्या घालून पेटीत टाकायच्या. आमचे खजिनदार तर भर बैठकीत म्हणाले, "डीनसाहेब, नाव एकच आहे तर हात वर करून मोकळे होऊ या ना, माझी गाडी चुकेल." मी म्हटलं, रीत म्हणजे रीत. गुप्त मतदान झालं. तू प्रचंड बहुमताने निवडून आलास. एक चिठ्ठी कोरी निघाली. ती माझी नव्हे. तुला तसं वाटणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आता पुढचं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तुझा प्रवेशविधी. कॅथेड्रलमध्ये आसन बिशपचं असतं, पण घर डीनचं, आणि डीनने दार उघडल्याशिवाय बिशपलाही आत पाऊल टाकता येत नाही, हे तुला शिकवलेलं असेलच. तू बाहेर पायऱ्यांवर उभा राहायचंस. मोठं दार बंद असेल. काठीने तीनदा ठोठावायचंस. आतून "कोण आहे?" असं विचारलं जाईल, तू ठरलेलं उत्तर द्यायचंस, मग दार उघडेल, आणि आत आल्यावर तू आमचा बिशप. दार उघडायचं काम खरं म्हणजे माझं. पण त्या दिवशी ते उपडीन करतील. माझा गुडघा दुखतो.

आई समोरच बसली आहे. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे लिहिलेलं सगळं मला वाचून दाखवावं लागतं. मी मधलं मधलं गाळतो. ती विचारते, धाकटा बारीक झालाय का, वर्तमानपत्रातल्या फोटोत त्याची गालफडं बसलेली दिसतात. मला तरी तसं काही दिसलं नाही. मला त्या फोटोत तुझ्यामागचं चर्चचं छप्पर दिसलं, आणि त्यावर एकसुद्धा डाग नव्हता. नशीबवान आहेस.

कळावे.

२ फेब्रुवारी

प्रिय (इथे काय लिहायचं ते तूच भर),

तुझ्या सचिवाचं पत्र मिळालं. "आदरणीय डीन महाशय" अशी सुरुवात आहे. ध्वनिक्षेपक कुठल्या बनावटीचे, गाड्या कुठे लावायच्या, कपडे बदलायची खोली किती लांब-रुंद, सगळं विचारलंय. शेवटी म्हटलंय, "डीन महाशयांच्या गुडघ्याला लवकर आराम पडो ही प्रार्थना." माझ्या सख्ख्या भावाने माझ्या गुडघ्याची चौकशी टाइप करवून घेतली! आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अरे, त्याच्यामागे कामं किती असतील." तुझ्यामागे कामं असतात. माझ्यामागे फक्त व्याप असतो.

सचिवाला कार्यक्रमपत्रिकेत छापायला माझा परिचय हवा आहे, शंभर शब्दांत. घे लिहून.

जन्म: तुझ्या आधी. पाळकपदाची दीक्षा घेतली तेव्हा केस काळे होते आणि डोक्यात कल्पना होत्या. पहिलं चर्च मिळालं ते गोदीच्या मागच्या गल्लीत. तिथलं छप्पर गळायचं. मी वर्षभरात ते नीट केलं, आणि तिथेच माझं नशीब ठरलं. वरच्या लोकांना कळलं की हा माणूस छप्पर नीट करतो. मग जिथे गळेल तिथे मला पाठवायचे. दुसरं चर्च, तिसरं चर्च, मग रुग्णालयातलं प्रार्थनाघर, तिथे वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर वेदीवर ठिबकायचं. मी उपदेशाला उभा राहिलो की आधी वर बघायचो. लोकांना वाटे मी स्वर्गाकडे बघतोय.

मग डीन झालो. त्या दिवशी आईने जिन्यावर भेटेल त्याला सांगितलं, माझा मोठा डीन झाला. पुढच्या आठवड्यात लोक एक्सरे घेऊन घरी यायला लागले. एका गृहस्थांना आपल्या मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश हवा होता. मी त्यांना समजावलं की मी तो डीन नाही, मी चर्चचा. ते म्हणाले, "मग तुम्ही नक्की काय करता?" चौदा वर्षं झाली, मी त्याचं उत्तर शोधतोय. सकाळी प्रार्थना. मग वाजणाऱ्या ऑर्गनच्या भात्यात उंदीर शिरलेत त्याची बैठक. मग गायकवृंदातल्या दोन बायकांपैकी पुढच्या रांगेत कोणी उभं राहायचं त्याची बैठक. त्या दोघी माझ्याशी बोलत नाहीत, एकमेकींशी मात्र बोलतात. मग पर्यटक येतात आणि विचारतात, स्वच्छतागृह कुठे आहे. देवाविषयी दिवसातून कोणी विचारलं तर मला दचकायला होतं.

दोनदा माझंही नाव बिशपपदासाठी गेलं होतं. हे तुला माहीत नसेल. दुसऱ्या खेपेला मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, "पुढच्या दहा वर्षांत आपलं चर्च कुठे असेल असं तुम्हाला वाटतं?" मी म्हटलं, "उत्तरेकडची भिंत पाहता, दीड बोट खाली." कोणी हसलं नाही. मी विनोद केलाच नव्हता.

झाले शंभर शब्द? सचिवाला सांग, काट-छाट करून घे.

आता जे शंभर शब्दांत बसत नाही ते लिहितो. बाबा गेले तेव्हा अंत्यविधी माझ्या कॅथेड्रलमध्ये होता. मी थोरला, मी तिथला डीन. आणि आई म्हणाली, "उपदेश धाकट्याला करू दे, तो छान बोलतो." तू छान बोललास म्हणे. लोक रडले म्हणे. मला ठाऊक नाही, कारण खुर्च्या कमी पडल्या होत्या आणि मी शेजारच्या शाळेतून आणखी खुर्च्या आणत होतो. माझ्या बापावरचा उपदेश मी ऐकलेलाच नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तुला एवढंच म्हटलं की निदान खुर्च्या परत न्यायला तरी हात लाव. त्यावर तू, अंगातला झगासुद्धा न काढता, म्हणालास, "दादा, तू पाळक कुठे उरलास? तू वॉचमन झालायस." आणि रात्रीच्या गाडीने निघून गेलास. आई अजून म्हणते की तू चेष्टेने बोललास. असेल. मग नऊ वर्षं ती चेष्टा संपायची वाट बघत बसलो होतो असं समज. तू आईला दरवर्षी तिकीट पाठवून बोलावून घेतलंस, पण इथे पायरी चढला नाहीस.

आणि बायबलमधली ती उधळ्या पुत्राची, दोन भावांची गोष्ट माझ्यापुढे काढू नकोस. त्या गोष्टीवर मी दरवर्षी उपदेश करतो, आणि दरवर्षी मला शेतावरून दमून घरी आलेल्या थोरल्याचं म्हणणं पटतं.

ध्वनिक्षेपक जुने आहेत. घरघरतात. गाड्या मागच्या अंगणात लावा.

२१ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझी चिठ्ठी मिळाली. अखेर स्वतःच्या हाताने लिहिलीस. अख्ख्या कागदावर एक ओळ: "दार तुम्ही उघडावं अशी इच्छा आहे."

कोणाची इच्छा? वाक्यात माणूसच नाही. बाबा असते तर लाल शाईने गोल काढला असता. हा बिशपचा हुकूम असेल तर तू अजून आसनावर बसलेला नाहीस, तेव्हा हुकूम चालणार नाही. भावाची विनंती असेल तर भाऊ भावाला "तुम्ही" कधीपासून म्हणायला लागला? आणि खाली सही काय, तर क्रूस आणि त्यापुढे आपल्या धर्मप्रांताचं नाव. बिशप तशी सही करतात हे मलाही कळतं. पण घरी लिहिताना अख्ख्या प्रांताच्या नावाने सही? मी काय तुला सगळ्या कॅथेड्रलतर्फे उत्तर देऊ?

चिडलोय, हे तुला कळलंच असेल. चिडलोच आहे तर हेही सांगून टाकतो, ती कोरी चिठ्ठी माझीच होती. तुझं नाव लिहायला पेन टेकवलं आणि हात पुढे सरकेना. विरोधात लिहायला दुसरं नावही नव्हतं. पेटीत टाकून दिली. झालं समाधान?

इकडे घरात काय चाललंय ते ऐक. उपडीन दार उघडणार हे मी आईला वाचून दाखवताना गाळलं होतं. ते परवा उपडीन स्वतःच तिला सांगून गेले, "आजी, तुमच्या मुलाला मीच आत घेणार बरं का." ते गेल्यावर ती काठी टेकत माझ्या अभ्यासिकेत आली. तिथे बादल्या मांडलेल्या असतात, त्या चुकवत आली.

"तू का उघडत नाहीस?"

"आई, गुडघा दुखतो."

"गुडघा दुखतो! मग सोमवारी शिडीवर चढून पन्हळ कोण साफ करत होतं? तुझा आत्मा?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? पन्हळीसाठी गुडघा दुखत नाही, भावासाठी दुखतो?"

मी म्हटलं, "आई, मी त्याला वाकून नमस्कार करणार नाही. रीतच तशी आहे. दार उघडायचं, बाजूला व्हायचं आणि वाकायचं. सगळ्या गावासमोर. हे माझ्याच्याने व्हायचं नाही."

ती म्हणाली, "तुम्हा दोघांना एका उंबऱ्यावर बघायचंय मला. मग वाका नाहीतर मारामारी करा."

तेव्हापासून अबोला आहे. म्हणजे माझ्याशी. भिंतीशी बोलते. सकाळी भिंतीला सांगते, "चहा निवतोय म्हणावं." ऐंशीच्या पुढची बाई, पण हट्ट पहिलीतल्या मुलाचा.

आता नीट ऐक, कारण हे मी पुन्हा लिहिणार नाही. निवृत्तीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. तुझ्या प्रवेशाच्या आदल्या दिवशीपासून तो लागू होईल अशा बेताने पाठवणार आहे. माझी मुदत अजून दोन वर्षं आहे, पण ती दोन वर्षं तुझ्या हाताखाली काढायची मला ताकद नाही. अर्ज गेला की हे घर सोडावं लागेल, कारण घर डीनचं, माझं नव्हे. मी भाड्याची खोली बघेन. आणि आई अर्थातच तुझ्याकडे येईल. बिशपच्या बंगल्यात छप्पर गळत नाही. ते तू तिच्याशी बोलून घे. मी एकदा विचारायचा प्रयत्न केला, "आई, पुढे तू कोणाकडे राहशील?" तिने भिंतीला सांगितलं, "मी काय त्याच्या बैठकीतला विषय आहे?"

तू फोन केलास तेव्हा ती तुझ्याशी बराच वेळ बोलली. दार लावून. मी ऐकलं नाही. ऐकू आलं नाही.

७ मार्च

धाकट्या,

आज रंगीत तालीम होती. तुझी गाडी उशिरा येणार असा निरोप सचिवाकडून आला, तेव्हा तू नसणारच हे आम्ही धरून चाललो होतो. तुझ्या जागी तुझा ड्रायव्हर, जो सामान घेऊन पुढे आलाय, त्याला उभा केला. हातात झाडूचा दांडा दिला. बिचाऱ्याने इतकं मन लावून ठोठावलं आणि ठरलेलं उत्तर इतक्या खड्या आवाजात दिलं, की गायकवृंद आपोआप उभा राहिला. तुझ्या जागेला धोका आहे.

मी जाणार नव्हतो. पण उपडीन रीत नीट पाळतात की नाही हे बघायला कोणीतरी हवं, म्हणून मागच्या बाकावर बसलो. आणि डोक्याला हात लावायची वेळ आली. त्या मोठ्या दाराला आतून लाकडी अडसर आहे. दार जुनं, जड, जरा खाली बसलेलं. अडसर नुसता उचलून निघत नाही. आधी खांद्याने दार बाहेर रेटायचं, तसंच दाबून धरायचं, मग अडसर वर घ्यायचा. मी उपडीनना तीनदा सांगितलं. ते हाताने ओढत बसले. बाहेर ड्रायव्हर ठोठावतोय, आत उपडीन "एक मिनिट, एक मिनिट" म्हणतायत. शेवटी त्यांचं बोट चेमटलं आणि ते जे बोलले ते त्या वास्तूत याआधी कोणी बोललं नसेल. मला उठावं लागलं. खांदा लावला, अडसर काढला. बाहेर ड्रायव्हर आशीर्वाद द्यायला हात वर करून उभा!

तात्पर्य, दार मी उघडणार आहे. गैरसमज करून घेऊ नकोस. उपडीनच्या बोटाला पट्टी आहे आणि दुसऱ्या कोणाला ते जमत नाही, एवढंच कारण. अर्ज आता विधीच्या दुसऱ्या दिवशी पाठवीन. वाकायचं काय ते बघू.

आईला सांगितलं. तिने भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "खांदा जपून लाव." अबोला सुटला म्हणायचा.

तिची आणखी एक मागणी आहे. तिला पहिल्या रांगेत, मान्यवरांत बसायचं नाही. दाराजवळ, आतल्या बाजूला खुर्ची हवी आहे. मी समजावलं, तिथून वेदी दिसणार नाही, तुझं आसन दिसणार नाही. ती म्हणाली, "आसन बघून काय करू? त्यावर कोणी बसलं की ते सारखंच दिसतं." तेव्हा तू आत आल्या आल्या उजव्या हाताला तीच असेल. धडपडू नकोस.

सोबत कार्ड पाठवतो. मी विचारीन, "कोण आहे?" तू म्हणायचंस, "प्रभूच्या नावाने येणारा, त्याच्या लोकांचा सेवक, या प्रांताचा निवडलेला बिशप. दार उघडा." एवढंच आणि असंच. एक शब्द इकडचा तिकडे नको. उत्तर चुकलं तर मी पुन्हा विचारायचं, आणि बरोबर आल्याशिवाय उघडायचं नाही, असं नियमात स्पष्ट लिहिलंय. मला ओळखतोसच.

आणि कार्ड झग्याच्या बाहीत ठेव. पायऱ्यांवर वारा असतो.

१६ मार्च

धाकट्या,

परवा विधीनंतर चहाच्या वेळी तू माझ्यापाशी आलास. आजूबाजूला महापौर, दोन न्यायाधीश आणि चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. तू कप हातात धरून म्हणालास, "डीन महाशय, दार उघडायला बराच वेळ लागला." मी म्हटलं, "अडसर अडकला होता, बिशप महाशय." सगळे हसले. वार्ताहरालाही मी तेच सांगितलं, उपडीननाही तेच. आजच्या वर्तमानपत्रात "जुन्या दाराने नव्या बिशपला तिष्ठवलं" असं छापून आलंय. एकाने तर सुचवलंय की थोरल्या भावाने मुद्दाम तिष्ठवलं. ते तुलाही वाटलं असणार, कारण चहानंतर तू कोणाशी न बोलता बंगल्यावर निघून गेलास. आई फाटकापर्यंत आली होती, तुला दिसली नाही. म्हणून लिहितो आहे.

खुर्च्यांचा राग गेलेला नाही. हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुला वाटेल सगळं मिटलं. उपदेश मी ऐकला नाही तो नाहीच. तुला आठवत असेल तर एकदा बसून मला सांग, बाबांविषयी काय बोललास ते.

अर्ज पाठवलेला नाही. त्याचं श्रेय घेऊ नकोस. उत्तरेकडच्या भिंतीचं काम जूनपर्यंत चालणार आहे आणि उपडीनच्या हाती ते सोपवायला माझं मन होत नाही. आई इथेच राहते म्हणाली. तुझ्या बंगल्यात म्हणे पावलांचा आवाज फार घुमतो.

आता दाराचं. तू बाहेर होतास, तेव्हा आत काय झालं ते तुला माहीत असायचं कारण नाही.

आत चर्च गच्च भरलेलं होतं आणि कोणी खोकतसुद्धा नव्हतं. आई खुर्चीत पुढे सरकून, कानामागे हात धरून बसली होती. तू तीनदा ठोठावलंस. फार जोरात नाही, मला वाटलं होतं त्याहून हळू. मी खांदा दाराला लावला आणि माझ्या ठेवणीतल्या आवाजात विचारलं, "कोण आहे?"

बाहेर शांतता. मी मनात म्हटलं, कार्ड उडालं. सांगितलं होतं बाहीत ठेव. आणि मग लाकडाच्या अगदी जवळून, माझ्या कानाच्या उंचीवर, तुझा आवाज आला. "मी आहे." आणि मग आणखी हळू, "दादा, मी."

कार्ड उडालं, की वाचता आलं नाही, की मुद्दाम वाचलं नाहीस, मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही. दार चार बोटं जाड आहे. ते मला सोडून कोणाला ऐकू आलं नाही. गायकवृंदाचे मास्तर हात वर करून माझ्याकडे बघत होते. उत्तर चुकलं होतं. नियमाप्रमाणे मी पुन्हा विचारायला हवं होतं.

आईने माझा झगा ओढला. "आला का रे?"

"आलाय."

"मग?"

"थांब जरा."

अडसर अडकला नव्हता. आदल्या दिवशी मी स्वतः त्याला तेल दिलं होतं. खांद्याने नुसतं रेटलं आणि तो लोण्यासारखा वर आला. काढून हातात घेतला. दाराला आता काहीच नव्हतं, तू एक बोट लावलं असतंस तरी उघडलं असतं. ते मी पाठ लावून बंद धरून ठेवलं होतं. लोक समजले मी जोर लावतोय. उपडीन पट्टीचं बोट सावरत मदतीला यायला निघाले, त्यांना मी डोळ्यांनी जागच्या जागी बसवलं.

दार उघडलं की तू माझा बिशप होणार होतास. मग मी वाकणार होतो, आणि वाकलोही, तू पाहिलंस. तिथून पुढे माझी मुदत संपेपर्यंत चारचौघांत तू मला डीन महाशय म्हणणार आणि मी तुला बिशप महाशय, जसं आपण चहाच्या वेळी म्हणालो. रीत तशीच आहे आणि ती मीच सगळ्यांकडून पाळून घेतो. पण दार बंद होतं तोवर बाहेर पायऱ्यांवर माझा धाकटा भाऊ उभा होता, आणि तो मला दादा म्हणाला होता. म्हणून वेळ लागला.